ढाळजेतला यजमान

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याच्या दरवाजातून आत पाऊल टाकले की पहिली लागते ती ढाळज. दोन्ही बाजूंना बसायचे ओटे, डोक्यावर लाकडी तुळया, भिंतीत कोनाडे. घरातले सर्वांत वयस्क माणूस दिवसाचा मोठा वेळ इथेच काढी. शेतावर निघालेला गडी, उधारी मागायला आलेला वाणी, लेकीच्या सासरचा निरोप घेऊन आलेला माणूस, परगावचा वाटसरू, सगळे त्याच्यासमोरून जात. कुणाला पाणी द्यायचे, कुणाला जेवायला थांबवायचे आणि कुणाला रात्रीपुरती ओट्यावर पथारी द्यायची, हे तो ठरवी. आतिथ्य आणि म्हातारपण एकाच जागी नांदत होते.

आज जुने वाडे, गढ्या, हवेल्या दुरुस्त करून तिथे पाहुण्यांची किंवा ज्येष्ठांच्या निवासाची सोय करण्याची कल्पना अधूनमधून मांडली जाते. कल्पना वाईट नाही. पण तिच्याकडे पाहताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. जुन्या वाड्यात म्हातारा माणूस यजमान होता. नव्या व्यवस्थेत तो पैसे भरून राहणारा पाहुणा असतो. यजमानाचा पाहुणा कसा झाला, हा या विषयाचा खरा इतिहास आहे.

त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. ढाळजेतला मान पुरुषाचा होता. त्याच वाड्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत विधवा आत्या किंवा चुलती आयुष्यभर राबे, आणि तिच्या म्हातारपणाला कुणी मान म्हणत नसे. वेशीवर रात्र काढणारा वेसकर म्हातारा झाला तर त्याच्या वाट्याला ना ढाळज येई, ना माजघर. वाडा सगळ्यांना सांभाळत होता असे म्हणणे म्हणजे वाड्याबाहेरच्यांना विसरणे होय.

आणि वाड्यातल्यांचीही खात्री नव्हती. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तिथल्या सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली रामनवमीला नारायणाचा जन्म झाला. वडील लवकर गेले. बोहल्यावरून निघून गेलेला मुलगा बारा वर्षे नाशिकजवळ टाकळीला आणि पुढची बारा वर्षे देशभर फिरत राहिला. तो परतला तेव्हा राणूबाईंची दृष्टी गेलेली होती, असे परंपरा सांगते. ही कथा आपण नेहमी निघून गेलेल्या मुलाच्या बाजूने ऐकतो. घराच्या बाजूने ऐकली तर त्यात दुसरा एक माणूस दिसतो: थोरला भाऊ गंगाधर, ज्याला पुढे ‘श्रेष्ठ’ म्हणू लागले. तो घरी राहिला. आईचे म्हातारपण, घरचा देव, आलेगेले, सगळे त्याच्या संसारावर होते. प्रत्येक वाड्याचे म्हातारपण अशा एखाद्या न निघून गेलेल्या माणसावर, आणि त्याहून जास्त त्याच्या बायकोवर, उभे असे. तो माणूस निघाला की वाड्याच्या भिंती कितीही जाड असोत, आतले म्हातारपण उघड्यावर पडे.

ज्यांना घर नव्हते त्यांच्यासाठी मध्ययुगाने सराई, धर्मशाळा आणि मठ उभे केले. जालना शहरात जमशेद खानाने बांधलेली काळी मशीद आणि तिच्यालगतची सराई याची साक्ष आहे. व्यापाराच्या वाटेवरच्या माणसाला छप्पर, पाणी, जनावराला बांधायला जागा. पण सराईचा नियम साधा असतो: आज उतरा, उद्या निघा. जो निघू शकत नाही त्याच्यासाठी ती नाही. उरलेले आयुष्य काढण्यासाठी ज्यांना ऐपत होती ते काशीला जात. मराठी सरदारांनी आणि कारभाऱ्यांनी तिथे घाट आणि वाडे बांधले. नागपूर राज्याचे दिवाणगिरीतले श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ च्या सुमारास बांधलेला मुन्शी घाट आणि त्यावरचा प्रासाद त्यांपैकीच. १९१५ साली ती वास्तू दरभंग्याच्या महाराजांकडे गेली आणि आज तिथे आलिशान हॉटेल चालते. ज्या घाटांवर लोक शेवटचे दिवस मोजायला येत, तिथेच आता मोजक्या रात्रींसाठी लोक येतात.

कायमच्या खाटेची कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात रुजली. पुण्याच्या नवी पेठेतली ‘निवारा’ ही संस्था मुळात डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात मोठ्या झालेल्या, आणि १८६४ साली पुण्यातच वारलेल्या, ससून यांच्या देणगीतून ती १८६० च्या दशकात उभी राहिली. इथे नाते, जात, गाव विचारून म्हातारपण सांभाळायचे नव्हते. निराधार असणे पुरेसे होते. ही मोठी गोष्ट होती. पण नावही बोलके होते: अनाथ, पंगू. घरी जो यजमान असता तो इथे दयेचा विषय होता. पुढे ‘निवारा’ हे नाव आले, तेव्हा शब्दापुरता का होईना, तो कलंक पुसला गेला.

गोव्यात केपे गावी कुशावती नदीकाठचा ‘पालासियो दो देयाँव’ हा वाडा तर या सगळ्या अवस्थांतून गेला. जुझे पावलो द आल्मेदा या चर्चच्या डीनने तो १७८७ साली बांधला. पुढे तो व्हाइसरॉयांच्या विश्रांतीसाठी दिला गेला, नंतर तिथे निराधार स्त्रियांचा आश्रम होता, आणि या शतकात दुरुस्ती होऊन आता तिथे पाहुण्यांना घर दाखवतात, जेवू घालतात. मालक, सरकारी पाहुणे, निराधार, पर्यटक: एकाच छपराखाली चार तऱ्हेचे आतिथ्य.

मराठवाड्यातल्या वाड्यांना असे दुसरे आयुष्य क्वचितच मिळाले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या. ज्या उत्पन्नावर माळवदाला दरसाल माती पडे ते आटले. वाटण्या झाल्या, एकेका चौकात चार चुली आल्या. शिकलेली पोरे औरंगाबादला, पुण्याला गेली. दुसऱ्या टोकाला, ज्यांचा वाडा कधीच नव्हता ती कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि कधी नातवंडे. वाड्यातली म्हातारी आणि झोपडीतली म्हातारी, दोघींच्याही घरात आता न निघून गेलेला माणूस उरलेला नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. शब्दरचना मात्र अशी, की सरकार तसे करू शकते. केलेच पाहिजे असे नाही.

म्हणून एखादा वाडा ज्येष्ठांसाठी दुरुस्त होत असेल तर दोन प्रश्न विचारावेत. पहिला पैशाचा: काशीचा प्रासाद हॉटेल झाला, कारण तिथे रात्रीचे भाडे देणारे आहेत, निवारा टिकला, कारण देणगी देणारे होते. घनसावंगीसारख्या ठिकाणी पहिला वर्ग फारसा नाही, तेव्हा दुसऱ्याची आणि सरकारची सोय लावल्याशिवाय वाडा फक्त सुंदर दिसेल. दुसरा प्रश्न अधिकाराचा: तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्वयंपाकघरात आज काय शिजावे हे सांगता येईल का? भेटायला आलेल्याला ‘थांबा, जेवून जा’ असे कुणाची परवानगी न घेता म्हणता येईल का? कोरीव खांब, सागवानी तुळया, चुन्याचा गिलावा हे सगळे कारागीर परत आणू शकतात. ढाळज मात्र त्या एका वाक्याने बनलेली होती. ते वाक्य म्हणण्याचा हक्क परत दिला, आणि तो या वेळी बाईलाही आणि वेशीबाहेरच्यालाही दिला, तरच वाडा पुन्हा उभा राहिला असे म्हणता येईल.