पॅकेट गळती
संगणकीय जाळ्यातून पाठविलेली माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत प्रवास करते. त्यांपैकी काही तुकडे इच्छित स्थळी न पोहोचणे म्हणजे पॅकेट गळती होय. मोठ्या फायली पाठविताना ती विशेष जाणवते. वेगवान दुव्यावरून मंद दुव्याकडे येणारी पॅकेटे राउटरच्या रांगेत साठतात आणि रांग भरली की नंतरची टाकून दिली जातात. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली विद्यापीठ यांच्यात अवघे ४०० यार्ड अंतर असूनही अशाच कोंडीमुळे माहितीवहनाचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटांवरून ४० बिटांवर घसरला. त्यातूनच व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले टीसीपीचे कोंडी-नियंत्रण जन्मास आले.

निदान करताना केवळ पिंगवर विसंबणे फसवे ठरते, कारण मोकळ्या जाळ्यातून लहान पॅकेटे बहुधा सुखरूप जातात. आयपर्फसारख्या साधनाने भार टाकून त्याच वेळी पिंग चालवावे. प्रतिसादास लागणारा वेळ आधी वाढून मग गळती सुरू झाली, तर रांग भरत असल्याचा संशय बळावतो. भार नसतानाही गळती होत असेल आणि पोर्टवरील सीआरसी दोषांचा आकडा चढत असेल, तर केबल, जोडणी किंवा प्रकाशीय तंतूचे मळलेले टोक तपासावे. ट्रेसरूटमध्ये फक्त मधल्याच एखाद्या राउटरवर दिसणारी गळती मात्र बहुधा खरी नसते. अनेक राउटर अशा चाचणी-पॅकेटांना मुद्दामच मोजकी उत्तरे देतात.