कांचेच्या पेटींतील प्रवाळ

उल्हास नदीच्या गोड्या पाण्यावर वाढलेल्या शेलूसारख्या गांवीं पोंवळें ठाऊक असतें तें नवरत्नांपैकीं एक म्हणून. म्हणजे निर्जीव सांगाडा. परंतु पाण्यांत मापानें क्षार मिसळून, प्रकाश व प्रवाह राखून, अशा गांवींही घरांतल्या पेटींत जिवंत प्रवाळ पाळतां येईल इतकी ही विद्या आज पुढें गेली आहे.

इ. स. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. तेथें मासे पाहावयास मिळाले. उष्ण समुद्रांतील प्रवाळ जगविण्याची रीत मात्र फार मागाहून सांपडली. खडक बांधणारे प्रवाळकीटक आपल्या देहांत सूक्ष्म शैवाल बाळगतात व बहुतेक अन्न त्याजकडूनच मिळवितात. पाणी फार तापलें कीं तें शैवाल निघून जातें व प्रवाळ पांढरें पडतें. जाकार्ताच्या ली चिन इंग यांनीं समुद्रांतील सजीव खडक व हवेचे बुडबुडे यांच्या साह्यानें प्रवाळ जगविल्याची हकीकत १९६१ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें हौस वाढली, तसा समुद्रांतून प्रवाळ तोडून विकण्याचा धंदाही वाढला.

आपल्या देशांत २००१ मध्यें खडक बांधणारीं प्रवाळें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आलीं. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठीं २०२० मध्यें वरळी व हाजी अली येथील प्रवाळें हलवितांना महानगरपालिकेसही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. मग हौशी गृहस्थास समुद्र ओरबाडण्याची मुभा कशी असावी? प्रवाळाच्या तुटल्या फांदीपासून नवें प्रवाळ वाढतें, हें पेटीवाल्यांस चांगलें अवगत आहे. तें ज्ञान उजाड झालेले खडक पुन्हा वसविण्याच्या कामीं लागावें, असें आम्हांस वाटतें.