कागदावरचं ॲव्हरेज

नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" आणि गाडीवाला बहुतेक वेळा एका प्रश्नाला दोन उत्तरं देतो. "कंपनी अठ्ठावीस म्हणते, मला वीस पडतं." हे अंतर कुठून आलं, याचा इतिहास युरोपातल्या डिझेल मोटारींच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

डिझेल इंजिनाचा जन्मच मुळी इंधनाच्या हिशोबातून झाला. रुडॉल्फ डिझेल म्युनिकला शिकत असताना प्राध्यापक कार्ल लिंडे यांच्या व्याख्यानात त्याने ऐकलं, की चांगलं वाफेचं इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के उष्णता कामी लावतं. ही उधळपट्टी त्याच्या डोक्यातून गेली नाही. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाची चाचणी झाली. ती डिझेलने स्वतः घेतली नाही, म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी घेतली. आत किती इंधन गेलं आणि बाहेर किती काम निघालं हे मोजलं. कार्यक्षमता निघाली २६.२ टक्के.

या चाचणीतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते इंजिन पुढे कारखान्यात जे करणार होतं, तेच चाचणीत करत होतं: एका जागी उभं राहून ठरावीक वेगाने फिरणं. त्यामुळे चाचणीचा आकडा आणि वापरातला आकडा यांत फार अंतर पडायचं कारण नव्हतं. मोटारीचं तसं नाही. ती थांबते, निघते, चढ चढते, चार माणसं आणि सामान वाहते. मग मोजायचं नेमकं काय?

त्याआधी डिझेल गाडी कमी का पिते ते पाहू. डिझेल इंजिनात हवा खूप दाबून तापवतात आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारलं की ते ठिणगीशिवाय पेटतं. जास्त दाबामुळे कार्यक्षमता वाढते. पण शहरात खरा फायदा होतो तो दुसऱ्या कारणाने. नेहमीच्या पेट्रोल इंजिनाची शक्ती कमी करायची तर आत जाणारी हवा झडपेने अडवावी लागते. नाक चिमटीत धरून श्वास घ्यावा तशी इंजिनाची बरीच ताकद हवा ओढण्यातच जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, फक्त फवारा कमी करायचा. शिवाय लीटरची तुलना थोडी डिझेलच्या बाजूने झुकलेली असते हेही मुलांना सांगायला हवं. एक लीटर डिझेलमध्ये एक लीटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा ते तेरा टक्के जास्त ऊर्जा असते.

१९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने २६० डी ही डिझेल गाडी मांडली, तेव्हा तिला आपलंसं केलं टॅक्सीवाल्यांनी. घरगुती वापरात मात्र डिझेल रुळलं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९७६ ची फोक्सवॅगन गोल्फ डिझेल ही त्यातली महत्त्वाची गाडी. शक्ती अवघी पन्नास अश्वशक्ती, पण खिशाला हलकी.

आता चाचणीकडे वळू. युरोपात १९७० मध्ये एक 'शहरी चक्र' ठरवलं गेलं, आणि ते ठरवताना हेतू इंधन मोजण्याचा नव्हता, गाडीच्या धुराचा होता. गाडी रस्त्यावर न नेता रोलरवर चढवायची आणि १९५ सेकंदांचा एक ठरलेला पाठ चार वेळा गिरवायचा. या पाठात शून्यावरून ताशी ५० किलोमीटर गाठायला २६ सेकंद दिलेले आहेत. खऱ्या रस्त्यावर असं कोणी केलं तर मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून जीव नकोसा केला असता. १९८० पासून इंधनाचे तीन आकडे मोजले जाऊ लागले: शहरातला, एकसारख्या ९० च्या वेगाचा आणि एकसारख्या १२० च्या वेगाचा. १९९० च्या दशकात शहरी पाठाला शहराबाहेरचा एक भाग जोडून सगळ्याचा मिळून एकच आकडा काढायला सुरुवात झाली. ही संपूर्ण चाचणी ११८० सेकंदांची, ११ किलोमीटरची. सरासरी वेग ताशी ३३.६ किलोमीटर, आणि १२० चा वेग काही सेकंदच. खोलीचं तापमान २० ते ३० अंश, वातानुकूलन बंद.

तरीही हा आकडा बरीच वर्षं फारसा फसवा नव्हता. आयसीसीटी या संशोधन संस्थेने युरोपातल्या गाड्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांत जर्मनीतल्या हजारो गाडीमालकांनी स्वतः ठेवलेल्या नोंदीही होत्या: टाकी फुल्ल करायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा फुल्ल करताना किती लीटर मावलं ते लिहायचं. एका भरण्यात पंपावर थोडी चूक होते, पण वर्षभराच्या बेरजेत ती विरून जाते. या हिशोबाने २००१ मध्ये रस्त्यावरचा खर्च कागदापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी जास्त होता. २०१५ पर्यंत हा फरक चाळीस टक्क्यांच्या पुढे गेला. चाचणी तीच, रस्तेही तेच, आणि माणसं काही पंधरा वर्षांत इतकी बेदरकार झाली नव्हती.

बदललं होतं ते आकड्याचं वजन. एक लीटर डिझेल जळलं की सुमारे २.६४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे कार्बन मोजणं आणि डिझेल मोजणं एकच. अनेक देशांनी गाडीवरचा कर या आकड्याला बांधला. २००९ च्या युरोपीय कायद्याने तर नव्या गाड्यांची सरासरी २०१५ पर्यंत किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणण्याचं बंधन घातलं. एकेका ग्रॅमला पैसे चिकटले. मग कंपन्यांनी परीक्षेचा अभ्यास सुरू केला, आणि परीक्षेपुरता अभ्यास म्हणजे काय हे शिक्षकांना निराळं सांगायला नको. चाचणीत सुमारे पाव वेळ गाडी नुसती उभी असते, म्हणून थांबताच बंद पडणारं इंजिन बसवलं. नियमांतल्या फटी शोधल्या: बॅटरी आधीच पूर्ण भरून ठेवायची, कमी घर्षणाचे टायर लावायचे. मोजलेल्या आकड्यापेक्षा चार टक्क्यांपर्यंत कमी आकडा जाहीर करायलाही मुभा होती. यातलं बहुतेक सगळं कायदेशीर होतं.

२०१३ च्या सुमारास कुटुंबाच्या आकाराच्या काही डिझेल गाड्यांचा कागदावरचा खर्च १०० किलोमीटरला ३.२ लीटर, म्हणजे कार्बन किलोमीटरला ८५ ग्रॅम इतका खाली आला. (८५ ला १०० ने गुणून २.६४ किलोने भागून पाहा, ३.२ येतात.) आपल्या भाषेत हे एका लीटरला ३१ किलोमीटर झालं.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं. अनेकजण ते आपल्या विषयाशी मिसळतात. तो घोटाळा नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा होता: गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी संगणक-आज्ञावली. इंधनाच्या आकड्यातलं अंतर वेगळं. त्यासाठी अशा लबाडीची गरजही नव्हती.

पण त्या हवेत एक चांगलं काम झालं. प्यूजो आणि सित्रोएनच्या कंपनीने पर्यावरण संघटनांना सोबत घेऊन आपल्या गाड्या पॅरिसजवळच्या खऱ्या रस्त्यांवर मोजल्या. २५ किलोमीटर शहर, ३९ शहराबाहेर, ३१ महामार्ग. वातानुकूलन चालू, माणसं आणि सामान आत, चढ-उतार जसे असतील तसे. मार्च २०१६ मध्ये आकडे जाहीर झाले. प्यूजो ३०८ ही १.६ लीटरची डिझेल गाडी कागदावर सुमारे ३.२ लीटर पीत होती, रस्त्यावर ५ लीटर. म्हणजे ३१ चे २० झाले. कंपनीने स्वतःच्या गाडीबद्दल हे छापलं, याचं मला कौतुक वाटतं.

वीस हा आकडा वाईट आहे का? इथे मुलांकडून एक गणित करून घ्या. लीटरला १० किलोमीटर देणारी जुनी गाडी १०० किलोमीटरला १० लीटर पिते, २० देणारी ५ लीटर. वाचले ५ लीटर. पण २० वरून ३१ वर गेल्यास वाचतात फक्त १.८ लीटर. 'लीटरला किती किलोमीटर' ही आपली पद्धत मोठे आकडे फुगवून दाखवते. युरोपातली '१०० किलोमीटरला किती लीटर' ही पद्धत टाकीच्या भाषेत बोलते.

महामार्गाचाही हिशोब सोपा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून १३० वर गेलं की तो १.४४ चा वर्ग, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त होतो. म्हणूनच चाचणीत १२० चे काही सेकंदच असणं किती सोयीचं होतं ते कळतं. अमेरिकेने हा प्रश्न फार आधी व्यावहारिकपणे सोडवला होता. १९८५ च्या गाड्यांपासून प्रयोगशाळेतल्या आकड्यातून शहरासाठी १० टक्के आणि महामार्गासाठी २२ टक्के कापूनच तो गिऱ्हाइकाला सांगत.

भारताने मात्र युरोपचंच चक्र घेतलं, फक्त वरचा वेग १२० ऐवजी ९० केला. जाहिरातीत 'एआरएआय प्रमाणित' असं लिहिलेलं वाचतो ती एआरएआय, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची वाहन संशोधन संस्था, आणि तिचे आकडे या चक्रावरून आलेले. सुरुवातीच्या अठ्ठावीस आणि वीसचं उत्तर बरंचसं इथे आहे.

युरोपने सप्टेंबर २०१७ पासून टप्प्याटप्प्याने नवी चाचणी आणली: १८०० सेकंद, सुमारे २३ किलोमीटर, वेग १३१ पर्यंत. आणि २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये इंधन मोजणारं मापकच बसवणं सक्तीचं केलं. आता वही ठेवायला नको, गाडीच हिशोब ठेवते. त्या नोंदींचा युरोपीय आयोगाचा अहवाल २०२४ मध्ये आला. नव्या चाचणीपेक्षाही रस्त्यावरचा खर्च जास्तच होता: पेट्रोल गाड्यांचा जवळजवळ २४ टक्के, डिझेलचा १८ टक्के. अंतर डिझेलचं कमी निघालं. पण तोवर गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलं होतं. २०११ मध्ये पश्चिम युरोपातल्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. २०२४ मध्ये युरोपीय संघात त्या बारा टक्क्यांच्या आसपास उरल्या.