गरम पाण्याची बारीक धार आणि ‘का?’ हा प्रश्न

संशोधनाचा विषय शोधायचा म्हटलं की आपण थेट ग्रंथालय गाठतो. आज जरा न्हाणीघरापासून सुरुवात करू.

मी सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. शॉवरला गरम पाण्याची धार करंगळीएवढी. गीझर बदलायला निघालो, तर प्लंबर म्हणाला, "गीझर चांगलाय हो. टाकी तुमच्या डोक्यावर जेमतेम आठ फूट. दाब येणार कुठून?" हिशोब करून बघा: 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार. आठ फूट म्हणजे 2.4 मीटर, म्हणजे पाव बारसुद्धा नाही.

गंमत म्हणजे माझा विषयही हाच, फक्त ठिकाण इंग्लंड. तिथल्या जुन्या घरांतही गरम पाण्याला जोर नसतो. माझ्या पहिल्या आराखड्यात मी याचं कारण लिहिलं होतं: ‘इंग्रज परंपराप्रिय असल्याने’. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, "हे कारण आहे की शिक्का?" आराखडा परत आला आणि सहा महिने गेले.

खरं कारण त्या घरांच्या माळ्यावर होतं. 19व्या शतकात लंडनला खाजगी कंपन्या पाणी पुरवत, तेही दिवसातून ठरावीक वेळ. मग घरोघरी टाक्या आल्या. 1852 च्या कायद्याने अखंड पुरवठ्याची दिशा दाखवली, पण तो प्रत्यक्षात यायला कित्येक दशकं लागली. तोपर्यंत टाकी घराच्या रचनेत मुरली होती. पुढे गरम पाण्याचं सिलिंडर आलं, तेही याच माळ्यावरच्या टाकीला जोडलं गेलं.

यात सुरक्षेचाही भाग होता. पाणी 10 अंशांवरून 60 अंशांवर नेलं की दीड टक्क्याहून जास्त फुगतं. बंद भांड्यात त्याला वाट मिळाली नाही तर भांडं फुटू शकतं. म्हणून सिलिंडरमधून वर एक उघडी नळी काढलेली असे. मुख्य जलवाहिनीच्या दाबावर चालणाऱ्या बंद सिलिंडरला तिथल्या नियमांनी वाट करून दिली ती थेट 1980 च्या दशकाच्या मध्यात, तीही सुरक्षा झडपा बसवण्याच्या अटीवर.

इंग्लंडमधले गरम आणि थंड पाण्याचे वेगवेगळे नळ तुम्ही पाहिले असतील. स्वयंपाकघरात थंड पाणी थेट जलवाहिनीचं, गरम मात्र टाकीतलं. दोन्हींचा दाब वेगळा आणि टाकीतलं पाणी पिण्यालायक मानत नसत. म्हणजे ज्याला मी ‘स्वभाव’ म्हणत होतो, तो पाइपांचा इतिहास निघाला!

आपल्याशी याचा धागा शब्दातही आहे. 1868 साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्यावरून आलेलं ‘गीझर’ हे नाव अशा यंत्रांना पडलं. त्या पहिल्या यंत्राला धूर बाहेर न्यायची नळीच नव्हती, त्यामुळे ते धोक्याचंच होतं. आपण बंब सोडून गीझर घेतला, नावही घेतलं. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं कारणही लंडनसारखंच, ठरावीक वेळेचं पाणी. फरक इतकाच, की लंडनमध्ये कारण गेलं तरी टाकी राहिली. आपल्या बऱ्याच शहरांत कारणही अजून तिथेच आहे.

यातून तुमच्यासाठी एकच गोष्ट. ‘लोक असेच असतात’ असं वाक्य लिहिलंत की थांबा. ज्या वस्तूबद्दल लिहिताय ती कुठल्या अडचणीवरचा उपाय होती, ते आधी शोधा. मग ती अडचण कधी संपली ते बघा. या दोन तारखांमधल्या अंतरात बहुतेकदा तुमचा प्रबंध असतो.

माझा आराखडा दुसऱ्या खेपेला मंजूर झाला. घरमालकांनी वरच्या मजल्यासाठी छोटा प्रेशर पंपही बसवला. त्याआधी गीझर किती दाब सोसतो आणि त्याची सुरक्षा झडप चालू आहे का, हे मात्र प्लंबरकडून तपासून घेतलं. इतिहास शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.