राहत्या घराचा पाया दुरुस्त करताना

राहत्या घराच्या भिंती रंगवता येतात. पाया खणायचा तर आधी घराबाहेर पडावे लागते. युनिक्स या संगणक प्रणालीला मात्र घरात राहूनच पाया दुरुस्त करावा लागे. हे कसे साधले, ते पाहू.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. डिस्कवरचा कोणता भाग कोणत्या फाइलचा आणि कोणता रिकामा, याच्या नोंदी डिस्कवरच असत. पण डिस्क संथ. म्हणून प्रणाली चालू नोंदी मेमरीत ठेवी आणि साधारण दर ३० सेकंदांनी डिस्कवर उतरवी. कच्च्या वहीतून जनरल रजिस्टरमध्ये नोंदी उतरवाव्यात, तसेच हे. मधेच वीज गेली की कच्ची वही नाहीशी होई आणि रजिस्टर अर्धवट राही. मग एकच जागा दोन फाइलींच्या नावावरही दिसे!

१९७०च्या दशकात टी. जे. कोवाल्स्की यांनी अशा नोंदी ताडून दुरुस्त करणारा 'एफएससीके' हा प्रोग्रॅम लिहिला. इतर विभाग वापरातून काढून तपासता येत. मूळ विभाग मात्र काढता येत नसे, कारण प्रणाली आणि हा प्रोग्रॅम त्यावरच असत. डिस्क दुरुस्त झाली, तरी मेमरीत जुनीच नोंद असे. ती पुन्हा डिस्कवर उतरली की केलेले काम वाया! म्हणून मूळ विभागात बदल झाल्यावर प्रोग्रॅम बजावी : यंत्र लगेच पुन्हा सुरू करा, पण मेमरीतले काहीही डिस्कवर उतरवू नका. एरवी यंत्र बंद करण्यापूर्वी सर्व उतरवून घेणे हाच शहाणपणा. येथे तोच घातक ठरे.

पुढे सुरुवातीला मूळ विभाग फक्त वाचण्यापुरता उघडायचा, तपासायचा आणि मगच लिहिण्याची मुभा द्यायची, ही पद्धत रूढ झाली. १९९०मध्ये आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत बदलांची टिपणवही आधी लिहिण्याची सोय आली. २००३च्या फ्रीबीएसडी ५.० मध्ये मार्शल कर्क मॅकुसिक यांच्या कामामुळे, त्या क्षणाचे गोठवलेले चित्र तपासून, वापरात असलेल्या विभागाचीही दुरुस्ती होऊ लागली. लिहिण्याचा क्रम इतका काटेकोर ठेवलेला असे, की वीज गेली तरी फक्त रिकाम्या जागेचा हिशेब चुके.

वर्गात विचारून पाहा : कच्ची वही आणि रजिस्टर जुळत नसतील, तर खरे कोणते मानायचे? आणि ते ठरवण्यासाठी आणखी कोणती नोंद हवी?