कोबा : ठाणे-कल्याण परिसरातील रंगीत व झिलईदार जमिनी

घराच्या, दुकानाच्या वा कारखान्याच्या भुईवर चुना किंवा सिमेंट, वाळू व खडी यांचे मिश्रण अंथरून, ते चोपून व घोटून जो सलग, टणक आणि सपाट थर तयार करतात, त्यास कोबा म्हणतात. फरशीप्रमाणे तो तुकड्यांनी बसविला जात नाही. जागेवरच घडविला जातो. त्यात रंगद्रव्य मिसळून तो रंगीत करता येतो आणि पृष्ठभाग घासून त्यास झिलईही देता येते. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांच्या वाढीबरोबर भुईचे प्रकार कसे बदलत गेले, हे पाहिल्यास या कामाचा इतिहास स्पष्ट होतो.

सिमेंटपूर्व काळ : उत्तर कोकणातील सामान्य घराची भुई मातीची असे. माती व मुरूम पसरून, पाणी शिंपडून ती चोपीत व शेणाने सारवीत. अशी भुई पायाला सुखद व दुरुस्तीला सोपी असली, तरी पावसाळ्यात ओल धरी आणि तिला वारंवार सारवण लागे. हे श्रम मुख्यतः घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत. कोब्याच्या प्रसाराचे सामाजिक महत्त्व त्यामुळेच मोठे आहे. देवळे व वाडे यांत चुन्याचा कोबा करीत. चुना व वाळू बैलाच्या घाणीत मळून त्यांत सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालीत. गुळाचे पाणी वा हिरड्याचा काढा मिसळण्याचीही रीत होती. हा थर सावकाश घट्ट होत असल्याने त्यास अनेक दिवस चोपावे लागे.

रेल्वे व सिमेंट : बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली व १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आग्नेयेकडील फाटा १८७१ मध्ये रायचूरला जाऊन भिडल्यावर त्या मार्गावरील शहाबादची चुनखडकाची फरशी या भागात आणणे सुकर झाले. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले होते. भारतात पोरबंदर येथील कारखान्यातून १९१४ मध्ये सिमेंटचे नियमित उत्पादन सुरू झाले. मुंबईत १९२२ मध्ये स्थापन झालेल्या ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ या कंपनीने स्वदेशीच्या प्रेरणेने सिमेंटच्या रंगीत फरशा बनविण्यास आरंभ केला. आयात फरशांना त्यामुळे देशी पर्याय मिळाला.

लाल कोबा : ज्यांना फरशी परवडत नसे त्यांच्यासाठी लाल कोबा हा मधला मार्ग ठरला. दगडांच्या सोलिंगवर काँक्रीटचा थर देऊन, तो ओला असतानाच त्यावर सिमेंट व लोहाच्या लाल ऑक्साइडाचे मिश्रण पसरीत आणि थापीने घोटीत. सिमेंटच्या अल्कधर्मी गुणाने व उन्हाने लोहाचे ऑक्साइड फिके पडत नाही, म्हणून लाल, पिवळा व काळा हेच रंग अधिक रूढ झाले. रंगद्रव्याचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास थर दुबळा होतो. नंतर वाळूचे लहान बांध घालून त्यावर किमान आठवडाभर पाणी साठवितात. पाणी कमी पडल्यास तडे जातात. खालून ओल चढल्यास पांढरा लोणा फुटतो. थर आकुंचन पावत असल्याने मोठी जागा काचेच्या वा धातूच्या पट्ट्यांनी चौकटींत विभागणे श्रेयस्कर असते.

मोझेइक : स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईतील नोकरदार मोठ्या संख्येने ठाणे व डोंबिवली येथे राहावयास आले. चाळी व सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत मोझेइक फरशी सर्रास वापरली गेली. तीत संगमरवराची खडी सिमेंटमध्ये दाबून बसविलेली असते. फरशा बसविल्यावर कार्बोरंडमच्या दगडांचे यंत्र पाण्यासह फिरवून, प्रथम जाड व मग बारीक कणांनी, त्या घासतात. शेवटी ऑक्झॅलिक आम्ल व मेण यांनी झिलई आणतात. भारतीय मानक संस्थेने १९५९ मध्येच अशा फरशांसाठी मानक प्रसिद्ध केले होते.

औद्योगिक जमिनी : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले व ठाण्याची वागळे वसाहत ही त्याची पहिली वसाहत ठरली, पुढे डोंबिवलीतही वसाहत उभी राहिली. यंत्रांच्या कारखान्यास साधा काँक्रीट कोबा पुरेसा होतो. रासायनिक कारखान्यात मात्र आम्ल सांडून सिमेंटमधील चुना विरघळतो, म्हणून तेथे आम्लरोधी विटा वा फरशा लागतात. आधुनिक आम्लरंगाचे तत्त्व याच्याशीच निगडित आहे. सौम्य आम्ल व धातूंचे क्षार असलेला द्राव कोब्यावर लावल्यास चुन्याशी विक्रिया होऊन रंगीत संयुगे छिद्रांत घट्ट बसतात व संगमरवरासारखी छटा उमटते. कारखान्यात जी विक्रिया जमिनीचा नाश करते, तीच मर्यादित प्रमाणात दालनाची शोभा वाढविते.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : सुमारे १९९० नंतर भट्टीत भाजलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या फरशांनी कोबा व मोझेइक दोहोंना मागे सारले. कोब्यास कुशल गवंडी व सवड लागते आणि तडा बुजविल्यास रंग जुळत नाही. घाईच्या बांधकामास हे परवडेनासे झाले. ठाणे व कल्याण-डोंबिवली या महानगरपालिका-क्षेत्रांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अनुक्रमे १८ लाख व १२ लाखांहून अधिक भरली. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात त्यांच्या जमिनीही नाहीशा होतात. सलग कोबा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. दुसऱ्या बाजूस, भिवंडीच्या गोदामांत व नव्या दुकानांत झिलईदार काँक्रीट पुन्हा दिसू लागले आहे. तेथे हिऱ्याच्या कणांच्या चकत्यांनी पृष्ठभाग टप्प्याटप्प्याने घासतात व सोडियम किंवा लिथियम सिलिकेट मुरवून तो कठीण करतात.

कामगारांचे आरोग्य : कोरडे काँक्रीट घासताना उडणारी सूक्ष्म सिलिकाची धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो. तो बरा करणारा उपचार नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये तो अधिसूचनीय रोग मानला होता. परंतु घरे व दुकाने यांतील जमीन घासणारा रोजंदारी कामगार कारखान्याच्या कक्षेत येत नसे. जुन्या मोझेइकच्या कामात पाणी अपरिहार्य असल्याने धूळ बरीच दबे. नव्या यंत्रांना धूळशोषक जोडणे, शक्य तेथे ओलेच घासणे व योग्य मुखपट्टी पुरविणे हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. जमिनीची किंमत ठरविताना त्यांचा खर्च धरला, तरच ही झिलई खऱ्या अर्थाने स्वस्त म्हणता येईल.