विदर्भाचा पहिला रणजी करंडक : १९५६ ची सीमारेषा आणि इंदूरचे चार दिवस

देऊळगाव राजा आणि जालना ही शेजारची गावे. तरीही जालन्याचा विजय झोल रणजीत महाराष्ट्राकडून खेळला, आणि देऊळगावचा मुलगा उद्या त्या पातळीवर पोहोचला तर तो विदर्भाचा खेळाडू ठरेल. मित्रहो, आजचा धागा या रेषेचा आणि तिच्यामुळे घडलेल्या एका अंतिम सामन्याचा.

रेषा जुनी आहे. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. बुलढाणा वऱ्हाडात, वऱ्हाडही नावाला निजामाचेच, पण १९०२ च्या कायम पट्ट्याने इंग्रजांच्या हाती. मध्य प्रांत व वऱ्हाडाचा संघ १९३४-३५ च्या पहिल्या रणजी हंगामापासून खेळत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. राज्य बदलले, पण क्रिकेट संघटना मुंबईत वा पुण्यात विलीन झाली नाही. १९५७-५८ पासून ‘विदर्भ’ हा स्वतंत्र संघ उतरू लागला. एका राज्याचे तीन रणजी संघ का, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इथे आहे.

पुढची साठ वर्षे मात्र फार काही सांगण्यासारखे घडले नाही.

२०१७-१८ च्या हंगामात प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फझल, आणि सोबतीला मुंबईकडून ८ वेळा करंडक जिंकलेला वसीम जाफर. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकाला जिंकण्यासाठी १९८ धावा हव्या होत्या. त्यांचा डाव १९२ वर संपला. अवघ्या ५ धावांचा विजय! रजनीश गुरबानी या अभियंता गोलंदाजाने त्या डावात ६८ धावांत ७ गडी बाद केले. माझ्या मते करंडकाचा खरा निकाल इथेच लागला, कारण त्यानंतर या संघाला कोणाची भीती उरली नाही.

अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ पासून इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, सात वेळच्या विजेत्या दिल्लीशी. योगायोग पाहा : नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंनी आपले रणजी करंडक जिंकले ते होळकरांच्या संघासाठी. विदर्भाने आपला पहिला करंडक शोधला तो त्याच इंदुरात.

ध्रुव शोरी दिल्लीचा डाव एकहाती ओढत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे त्रिफळे उडवले. पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर १४५ धावांवरचा शोरीही त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा तो दुसराच. पहिला तमिळनाडूचा बी. कल्याणसुंदरम, १९७२-७३ मध्ये. दिल्ली सर्वबाद २९५, गुरबानी ५९ धावांत ६ बळी.

विदर्भाने उत्तरादाखल ५४७ धावा केल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने प्रथम श्रेणीतील पहिलेच शतक (१३३) नेमके या सामन्यात ठोकले. खाली सिद्धेश नेरळने ७४ जोडल्या. २५२ धावांच्या आघाडीपुढे दिल्ली २८० वर आटोपली. ऑफस्पिनर अक्षय वखरेचे ४ बळी. लक्ष्य होते २९ धावांचे. १ जानेवारी २०१८ रोजी, चौथ्याच दिवशी, ते ९ गडी राखून पार पडले.

पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. तिसरा आला मार्च २०२५ मध्ये, नागपुरातच, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर. त्या विजेत्या संघात सलामीला कोण होता? तोच ध्रुव शोरी. दिल्ली सोडून तो आता विदर्भाकडून खेळतो.